एस्पेरांतोतला ‘ओरांजो’ आपल्या नारंगाचा का?

मोर्शीकर:
एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत संत्र्याला ‘ओरांजो’ म्हणतात. माझ्या मते शब्द आपलाच. संस्कृत नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, पुढे इटालियन अरांचा, फ्रेंच ओरांझ. इटालियनमध्ये ‘ऊना नारांचा’, म्हणजे ‘एक संत्रं’, म्हणताना फळाचा ‘न’ आधीच्या उपपदात जिरला. स्पॅनिश ‘नारांखा’त तो अजून शाबूत आहे, आपल्या नारिंगातही.

काटोलची_बाग:
साखळी बरोबर, निकाल चूक. शब्द कोणाकडून उचलला ते पाहा. एस्पेरांतो रचणाऱ्या झामेनहॉफच्या कानावर रशियन, पोलिश, यिडिश. रशियनमध्ये ‘आपेल्सिन’, म्हणजे चीनचं सफरचंद, पोलिशमध्ये ‘पोमारांचा’. दोन्ही सोडले. शेवटचा ‘ओ’ काढा, ती निव्वळ नामाची खूण. उरतो ‘ओरांज’. सुरुवातीला ‘अ’ नाही, ‘ओ’ आहे. फ्रेंचमध्ये सोन्याला ‘ऑर’ म्हणतात, त्याच्या ओढीनं तो आला असं मानतात. थेट संस्कृतवर उडी मारली की हा फ्रेंच शिक्का दिसतच नाही.

मोर्शीकर:
मग ‘ज’ कुठून? फ्रेंच ‘झ’साठी एस्पेरांतोत वेगळं अक्षर आहे. त्यानं ते वापरलं नाही.

काटोलची_बाग:
कारण त्यानं लिखाण धरलं, उच्चार नाही. फ्रेंच ‘वॉयाझ’चा (प्रवास) ‘वोयाजो’ झाला, ‘पाझ’चा (पान) ‘पाजो’. मूळचं ‘g’ अक्षर ठेवलं, वर टोपीसारखी खूण (ĝ) घातली, की वाचायचा ‘ज’.

वरूडचा_भाऊ:
राजेहो, मुळात फळच चुकलं नं! ओरांजो म्हणजे घट्ट सालीचं, आपल्या मोसंबीच्या जातकुळीतलं. आपला नागपुरी संत्रा सैल सालीचा. नखानं सोलला की फोडी सुट्या. त्याले एस्पेरांतोत ‘मांदारिनो’ म्हणतेत. पेटीवर ‘ओरांजो’ लिहाल तर घेणारा मोसंबीसारखं फळ समजून बसन. ‘नागपुरा मांदारिनो’ लिहा. अन् ‘मांदारेनो’ लिहू नका बाप्पा, तो चीनचा जुना सरदार-अंमलदार. एका मात्रेचा खेळ हाय.

मोर्शीकर:
चालेल, पण ‘मांदारिनो’ही खणा की. पोर्तुगीज मांदारिं, त्यामागे मलय मेन्तेरी, त्यामागे आपला मंत्री!

काटोलची_बाग:
आणि ‘नारंग’ संस्कृतात आला तो बहुधा द्राविडी भाषांतून. मलयाळममध्ये लिंबाला आजही ‘नारंगा’च म्हणतात. तेव्हा ‘आपलाच’ म्हणताना जरा दमानं.