मदत हवी आहे: ड्युटीवर नर्सला मारहाण, केसपेपरवर मात्र ‘पाय घसरून पडली’

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीला स्टाफ नर्स आहे. गेल्या मंगळवारी नाइट ड्युटीत पेशंटच्या नातेवाइकाने तिला मारलं. डावं मनगट फ्रॅक्चर, दीड महिना प्लास्टर. वेणी आई घालून देते, डब्याचं झाकणही एका हाताने उघडत नाही. हाड जुळेल. मी लिहितेय ते त्यानंतर जे झालं त्यासाठी.

पहाटे सव्वातीनला सहा जण एका आजोबांना घेऊन आले. आजोबांना दम लागला होता. ड्युटीवरचे एकमेव डॉक्टर वर आयसीयूत सीपीआर देत होते. हिने आजोबांना टेकवून बसवलं, ऑक्सिजन लावला, वर फोन केला. ‘डॉक्टर कुठंय’ म्हणून आरडाओरडा सुरू झाला. एकजण घाणेरड्या शिव्या देत अंगावर आला, हिचा हात पिरगाळला आणि तिला औषधांच्या ट्रॉलीवर ढकललं. सिक्युरिटीचे काका रात्री एकटेच असतात, तेही पार्किंगला. ते येईपर्यंत हिने दुसऱ्या हाताने आजोबांचा मास्क धरून ठेवला होता. आजोबा बरे आहेत, याचा आम्हाला खरंच आनंद आहे. जीव टांगणीला लागल्यावर माणसं कशी होतात हे मला माहीत आहे, बाबांच्या वेळी आम्हीही कॅज्युअल्टीच्या दारात असेच उभे होतो.

सकाळी प्लास्टर तिथेच घातलं. केसपेपर हातात आला तर त्यावर लिहिलेलं, ड्युटीवर असताना पाय घसरून पडली. तिने विचारलं, तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, “अगं, पोलीस केस झाली की सगळ्यांनाच ताप. तुला करायची तर वैयक्तिक कर, हॉस्पिटलला मध्ये आणू नको.” रजाही तिच्याच खात्यातून जाणार म्हणे. त्या दिवसापासून ती गप्प आहे. मारापेक्षा त्या एका ओळीने ती जास्त दुखावली आहे.

व्हॉट्सॲपवर एक पत्रक फिरतंय, की हल्ला झाला तर ६ तासांत संस्थेनेच एफआयआर करायचा. ते आम्हाला लागू होतं का? तिचा पगार १९,५०० आहे आणि स्लिपमध्ये ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) १४७ रुपये कापलेले दिसतात, त्यातून काही मिळेल का? आणि मुख्य म्हणजे, रात्रीच्या बायकांना सुरक्षित ठेवायचं कायद्याने काही बंधन मालकावर आहे की नाही?

प्रतिसाद १

ताई, कामगार कायद्याची कामं करतो म्हणून सविस्तर लिहितो.

ते पत्रक खरं आहे, १६ ऑगस्ट २०२४ चं. कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये ड्युटीवरच्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या झाली, त्यानंतर केंद्र सरकारने स्वतःच्या रुग्णालयांना काढलेलं. खासगी हॉस्पिटलला ते थेट लागू नाही, त्यावर वाद घालू नका. तुमच्या कामाचा आहे महाराष्ट्राचा २०१० चा कायदा, आरोग्यसेवेतल्या लोकांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा. त्यात खासगी हॉस्पिटलंही येतात आणि नर्सही. गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलिसांना थेट गुन्हा नोंदवावा लागतो) आणि अजामीनपात्र, शिक्षा ३ वर्षांपर्यंत, दंड ५० हजारांपर्यंत. पोलिसांत तक्रार द्यायला बहिणीला कुणाच्या परवानगीची गरज नाही. ‘वैयक्तिक’ म्हणजे दुय्यम असं काही नसतं. जबाबात या कायद्याचं नाव आवर्जून लिहायला सांगा. नुसती किरकोळ मारहाण म्हणून अदखलपात्र नोंद करून बोळवण होऊ देऊ नका, हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापत आहे. चौकीत घेतलंच नाही तर लेखी अर्ज पोलीस आयुक्तांकडे.

पण त्याआधी केसपेपर. ती ओळ तशीच राहिली तर पोलीस आणि ईएसआय दोन्हीकडे आडवी येईल. आजच हॉस्पिटलला ईमेल करा: दुखापत मारहाणीची आहे, नोंद दुरुस्त करा, एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद) करा. सगळ्या कागदांच्या प्रती मागा, पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. पोलिसांकडून यादी (वैद्यकीय तपासणीचं पत्र) घेऊन ससून या सरकारी हॉस्पिटलला तपासणीही करून घ्या.

ईएसआय: कामावर कामामुळे झालेली इजा, मग ती मारहाणीची का असेना, त्यात बसते. काम करता येत नाही तोवर सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के मिळतात, किती महिने वर्गणी भरली ते बघत नाहीत. अपघाताचा रिपोर्ट मालकाने द्यायचा असतो. तेव्हा रजा खात्यातून टाकायचं कारणच नाही. उपचारांना बिबवेवाडीचं ईएसआय हॉस्पिटल आहे.

आता मालकाचं बंधन. शिव्या कसल्या होत्या ते बहिणीला एकटीला शांतपणे विचारा. लैंगिक स्वरूपाच्या असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लागतो. कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षित वातावरण द्यायचं हे त्यात मालकाचं कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिलंय, आणि तिला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणंही. तक्रार ३ महिन्यांच्या आत, हॉस्पिटलच्या अंतर्गत समितीकडे. समितीच नसेल तर मालकाला ५० हजारांपर्यंत दंड आहे.

प्रतिसाद २

मी बावीस वर्षं नर्सिंगमध्ये आहे. ताई, सीसीटीव्हीचं आधी बघा, आमच्याकडे पंधरा दिवसांनी त्यावर नवं रेकॉर्डिंग होतं. फुटेज जपून ठेवा असं हॉस्पिटलला लेखी द्या आणि पोलिसांच्या अर्जातही लिहा. त्या रात्रीचं नर्सिंग रिपोर्ट बुक असेल, त्या पानाबद्दलही लिहा. आणि बहिणीला सांगा, मास्क सोडला नाहीस, शाब्बास पोरी.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. शेवटची ओळ तिला वाचून दाखवली, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा रडली.

ईमेल काल रात्री पाठवला, फुटेजचंही त्यातच लिहिलं. शिव्यांबद्दल विचारलं. त्या तशाच होत्या, तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं. त्या रात्रीची वॉर्डातली मावशी साक्ष द्यायला तयार आहे. उद्या अकराला आम्ही तिघी चौकीत जातोय. एकच धाकधूक: रुजू होताना तिची जीएनएमची (नर्सिंग डिप्लोमाची) मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलने ठेवून घेतली आहेत. तक्रारीनंतर ती अडकवून ठेवली तर परत कशी मागायची, कुणाला अनुभव असेल तर आज रात्रीपर्यंत सांगाल का?