बँड हवाच, पण स्टेज कुठे आणि कसं?

समुद्रकिनाऱ्यावरच्या खाद्यजत्रेत रॉक बँडच नकोत, बोलणंही ऐकू येत नाही, असं काहीजण म्हणतात; ते मला अजिबात पटलं नाही. त्रास खरा आहे. स्टॉलवाला कान पुढे करतो, गिऱ्हाईक बोटांनी दोन प्लेट दाखवतं, तरी तीनच येतात. पण यात दोष बँडचा नाही, मांडणीचा आहे.

दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. स्टेजची पाठ समुद्राला असली की वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज खाली वाकतो आणि थेट किनाऱ्यामागच्या वस्तीत शिरतो. आयोजक मात्र समुद्राचा देखावा मागे हवा म्हणून नेमकं तेच करतात! उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणून स्टॉल स्पीकरच्या समोर न लावता बाजूला, थोडे लांब लावले तरी मोठा फरक पडतो. पुढे दोनच प्रचंड स्पीकर लावून ते पिळण्यापेक्षा गर्दीच्या मागच्या भागात छोटे स्पीकर जोडावेत, फक्त त्यांचा आवाज अंतराच्या हिशोबाने किंचित उशिरा सोडायला हवा, म्हणजे तो पुढच्या स्पीकरच्या आवाजाशी जुळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे; ती पाळूनही रॉक दणक्यात वाजतो.

आणि वाजवणाऱ्यांचाही विचार करा. खाऱ्या, दमट हवेत तारा गंजतात, गिटार सुरातून उतरते. दोन बँडच्या मध्ये सूर लावायला नीट वेळ द्या, तेवढ्यात लोक निवांत खातील.