चर्चा: घागर रिकामी अन् दुर्बिणीला पैसा?

औसेकर:
‘२०२४ वायआर४’ आठवतो का? डिसेंबर २०२४ मध्ये चिलीतल्या दुर्बिणीला सापडलेला लघुग्रह. तो २०३२ साली पृथ्वीवर आदळायची शक्यता फेब्रुवारीत ३.१ टक्क्यांवर गेली, संभाव्य पट्ट्यात भारतही होता. मग काही दिवसांतच ती जवळपास शून्यावर आली. माझं मत: असल्या दगडांवर नजर ठेवायच्या या राखणीत आपल्या देशानंही जास्त पैसा घालावा.

टँकरची_वाट:
कशाला? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. ते संकट दिसायला दुर्बीण लागत नव्हती. तरी कुणी वेळेत बघितलं का?

औसेकर:
पाण्याचं खरंय. पण आमचा तालुका किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गावं झोपेत गेली. भूकंपाची तारीख आजही कुणी सांगत नाही. आभाळातल्या दगडाची सांगता येते, तीही वर्षानुवर्षं आधी.

मंठेकर:
सांगता येते तर टक्का वर-खाली का नाचला? चॅनेलवाल्यांनी आठवडाभर घाबरवलं, नंतर चिडीचूप. पुढच्या वेळी कोण ऐकणार?

रातकिडा:
मंठेकर, वासरू हरवलं की आधी सगळं रान संशयात. शोधत जाल तसं उरलेलं रान कमी होतं, अन् तुमची विहीर त्यातच असली तर धाकधूक वाढते. मग वासरू ओढ्यापल्याड सापडतं. टक्क्याचं तसंच झालं. अन् नुसती राखण नाही. २०२२ ला नासाच्या ‘डार्ट’ यानानं धडक देऊन डिमॉर्फॉस या छोट्या लघुग्रहाची मोठ्या लघुग्रहाभोवतीची फेरी ३२ मिनिटांनी कमी केली.

मंठेकर:
अन् रशियातलं चेल्याबिन्स्क? २०१३, वीसेक मीटरचा दगड, सूर्याच्या बाजूनं आला. राखणदार कुठं होते?

रातकिडा:
मान्य. दिवसाच्या आभाळात जमिनीवरून तो दिसणारच नव्हता. म्हणून तर अवकाशात ठेवायची अवरक्त (दगडाची उष्णता टिपणारी) दुर्बीण बनवायलेत. लोणार एकदा बघून या, म्हणजे दगड काय करतो ते कळंल.

मंठेकर:
लोणार बुलढाण्यात, म्हणजे विदर्भात. तेवढं तरी त्यांना राहू द्या :)

औसेकर:
चेल्याबिन्स्कला दीडेक हजार जखमी, बहुतेक काचांनी. लख्ख उजेड पडला म्हणून लोक खिडकीशी गेले, अन् हवेचा तडाखा नंतर आला.

टँकरची_वाट:
मग ‘उजेड दिसला की खिडकीपासून लांब व्हा’ एवढं शाळेत शिकवा. फुकटात होतंय. दुर्बिणीचं नंतर बघू, आधी आमचा नळ.