मदत हवी आहे: व्होकोडर सिंथमध्ये आपलं बोलणं साठतं कुठे?

मंडळी, इथे कोणी मायक्रोकॉर्ग वापरतं का? म्हणजे कॉर्गचा छोटा सिंथेसायझर, त्यातला व्होकोडर बोलणं सिंथच्या सुरात ऐकवतो. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेसाठी एकांकिकेचं पार्श्वसंगीत करतोय. नाटकात एक यंत्र बोलतं आणि दिग्दर्शकाला ते रेकॉर्डेड नकोय, विंगेतून लाइव्हच हवंय. म्हणून मित्राचा मायक्रोकॉर्ग उचलून आणला. सोबत वाकणारा माइक मिळाला, मॅन्युअल नाही.

माइकमध्ये नुसतं बोललं तर काहीच येत नाही, कीबोर्डची पट्टी दाबून बोललं की येतं. असं का? दुसरं, मी 'सदाशिव पेठ' म्हणतो आणि स्पीकरमधून 'अदाइव पेठ' येतं. तालमीत आता माझं नावच अदाइव पडलंय. आणि मुख्य अडचण: वाक्य बोलता बोलता सेव्ह केलं, तरी ते परत वाजत नाही. १२८ प्रोग्रॅम (साठवलेले आवाज) मावतात म्हणे, मग माझं एक वाक्य का नाही? बॅकअप घ्यायचा तर यूएसबीचं भोकही दिसत नाही.

---

पेटीवाला: वाक्य त्यात जातच नाही, तर वाजणार कुठून!

तुमचा आवाज फिल्टरांनी खालपासून वरपर्यंतच्या कंप्रतांच्या पट्ट्यांत विभागला जातो (कीबोर्डच्या पट्टीशी याचा संबंध नाही). मायक्रोकॉर्गमध्ये असे ८ पट्टे आहेत. दर क्षणी कुठल्या पट्ट्यात किती जोर आहे, एवढंच मोजलं जातं. सिंथचा सूरही तशाच पट्ट्यांतून जातो आणि प्रत्येक पट्टा त्या मापाप्रमाणे लहान-मोठा होतो. म्हणजे बाहेर येतो तो सूर सिंथचा, तुमचे फक्त चढउतार. कीबोर्डची पट्टी दाबली नाही तर सूरच नाही, मग चढउतार लावायचे कशाला?

मुळात व्होकोडर संगीतासाठी नव्हताच. बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन प्रयोगशाळेच्या होमर डडलींना टेलिफोनच्या तारेवर बोलणं कमी जागेत बसवायचं होतं. जोराचं माप आवाजापेक्षा फार सावकाश बदलतं, पट्ट्यामागे २५ हर्ट्‌झ पुरतात. १० पट्टे आणि वर सुराची माहिती धरूनही मामला ३०० हर्ट्‌झच्या आत. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या गुप्त टेलिफोनमध्येही व्होकोडरच होता.

आता 'स' आणि 'श'. हे निव्वळ फुसफुसणं, तेही बरंच वरच्या पट्ट्यांत. तुमचा सूर मऊ, गोल असेल तर तिथे त्याच्याकडे काहीच नसतं. सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी, तिखट आवाजाची लहर) घ्या, कटऑफ (फिल्टर वरचा आवाज जिथून कापतो ती मर्यादा) उघडा, मिक्सरमध्ये थोडा नॉइज (नुसती खरखर) घाला आणि एचपीएफ (हाय-पास फिल्टर) लेव्हल वाढवा. त्याने माइकचा वरचा भाग थेट बाहेर येतो.

---

तबकडी: साठवण्याबद्दल मी सांगतो. प्रोग्रॅम म्हणजे नुसते आकडे: कुठली वेव्ह, कटऑफ किती, कुठल्या पट्ट्याची पातळी किती. एका प्रोग्रॅमला २५४ बाइट, १२८ मिळून जेमतेम ३२ केबी. सीडीच्या दर्जाचा मोनो आवाज सेकंदाला ८८,२०० बाइट खातो. सगळी मेमरी रिकामी करून दिलीत तरी 'सदा'सुद्धा धड मावणार नाही.

फॉर्मंट होल्ड (आवाजाची घडण धरून ठेवणारं बटण) मात्र वापरून बघा. 'आऽऽ' म्हणत असताना तो लावला की त्या क्षणाची पट्ट्यांची मापं गोठतात, मग माइकशिवाय कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीवर 'आ' वाजतो. शब्द असा गोठवता येत नाही, कारण शब्द म्हणजे मापांचं बदलत जाणं.

बॅकअप मिडीवरून, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर जोडायच्या जुन्या जोडणीवरून. पाच पिनांची केबल पुण्यातल्या तपकीर गल्लीत बघा, शिवाय एक यूएसबी-मिडी इंटरफेस लागेल. सिंथमधून सिसेक्स डंप (सगळ्या प्रोग्रॅमचे आकडे मिडीवरून) पाठवायचा, कॉम्प्युटरवर मिडी-ऑक्ससारख्या प्रोग्रॅमने झेलायचा. मिडीत डेटाच्या बाइटला ७ च बिट मिळतात, म्हणून ७ बाइटांचे ८ होतात. वेग सेकंदाला ३,१२५ बाइट, त्यामुळे सगळं यायला १२ सेकंद लागतात. मध्येच केबल हलवू नका. आणि सेव्ह करण्याआधी राइट प्रोटेक्ट (मेमरीत लिहू न देणारं कुलूप) काढलाय ना ते बघा.

---

पेटीवाला: विंगेत माइक तोंडाला चिकटवून धरा, नाहीतर शेजारचा संवादही सुरात बोलेल. ६ पेन्सिल सेल घालून ठेवा, ॲडॅप्टर कोणाच्या तरी पायात येतोच.

---

धागाकर्ता: नॉइज आणि एचपीएफ, दोन्हींनी काम झालं. 'श' आला, 'स' अजून जरा शिट्टीसारखा वाजतो, पण यंत्र आहे, चालेल. डंपही झाला. आता दिग्दर्शक म्हणतो यंत्र शेवटी म्हातारं वाटायला हवं. फॉर्मंट शिफ्ट (पट्टे वर-खाली सरकवणारी सेटिंग) खाली घेऊन जमेल का, की सूरच उतरवू?