ट्रंकेत धोटा सापडला! आपल्या गिरणगावातली, सोलापूरची संग्रहालयं, तुमचे अनुभव सांगा

माहेर मंगळवार पेठ:
दसऱ्याची साफसफाई काढली होती. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली तर दादांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेला धोटा, मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो. दादा जुन्या गिरणीत होते, साचाखात्यात, म्हणजे मागांवर. धाकटा म्हणाला, "आई, ही होडी कुणाची?" दिसतेच होडीसारखी. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड, मधे सुताची कांडी बसायची खोबण, कडेला चिनीमातीचा बारीक डोळा. त्या डोळ्याभोवतीचं लाकूड झिजून अगदी गुळगुळीत झालंय.

नेमकं त्याला शाळेतून 'शहरातल्या एका संग्रहालयाला भेट द्या, दहा ओळी लिहा' असं आलेलं. म्हणून डॉ. कोटणीस स्मारकात नेलं. भैय्या चौकातून हजारदा गेले असेन, आत मात्र पहिल्यांदा. त्यांचं राहतं घरच ते. १९३८ ला काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यातले हे एक, एवढं शाळेत पाठ केलेलं. पण त्यांच्या मुलाचं नाव यिनहुआ होतं, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन, हे ठाऊक नव्हतं. १९४२ च्या डिसेंबरात डॉक्टर गेले तेव्हा ते पोर साडेतीन महिन्यांचं. डॉक्टर स्वतः बत्तीस वर्षांचे. मी तिथंच पायरीवर टेकले जरा. धाकट्यानं दहाच्या ऐवजी चार ओळी लिहिल्या, त्यातली एक 'तेथे पंखा होता'.

तर तुम्ही कुठली संग्रहालयं पाहिलीत? सोलापुरातली, नाहीतर दुसऱ्या कुठल्या गिरण्या-कारखान्यांच्या गावातली. लिहा.

काय बे:
'तेथे पंखा होता' 😂 पोरगं पक्कं सोलापूरचं. ऊन काय असतंय त्याला म्हाईतै.

शेंगाचटणी:
मी भैय्या चौकापासून दहा मिनिटांवर राहते. अजून गेले नाही. लाज वाटली वाचून. कुकर लागलाय, नंतर लिहिते.

होटगी रोड ते मँचेस्टर:
ताई, तुमचा धोटा वाचून राहवलं नाही. मँचेस्टरला मुलाकडं सहा महिने होतो. त्याला म्हटलं, कापडगिरण्यांचं गाव ना हे, मग गिरणी दाखव. त्यानं सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये नेलं. फुकट आहे. १८३० चं लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचं स्टेशन तिथं अजून उभं आहे, त्याच आवारात. आत कापसापासून कापडापर्यंतची यंत्रं, आणि ठरावीक वेळेला खरोखर चालू करून दाखवतात. दाखवणाऱ्या बाईनं आधी सांगितलं, आवाज मोठा येईल, कान झाका. सगळ्यांनी झाकले. मी नाही झाकले. माग सुरू झाला आणि मला आपल्या पूर्व भागातली, मागवाल्यांच्या वस्तीतली दुपार आठवली, पोस्टाची थैली खांद्याला आणि गल्लीच्या दोन्ही अंगांनी खटाखट खटाखट.

ती बाई म्हणाली, या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून बायका ओठ बघून बोलायच्या. आणि कांडी बदलली की नवा धागा धोट्याच्या डोळ्यातून बाहेर काढायला तोंड लावून ओढायच्या. एकाच धोट्याला कितीजणींचं तोंड. त्यातून आजार पसरायचे, दात खराब व्हायचे. तुमच्या धोट्याचा डोळा गुळगुळीत का झालाय ते बघा आता.

माहेर मंगळवार पेठ:
अरे देवा. दादा तसंच करायचे. घरी सुईत दोरा ओवतानासुद्धा आधी ओठांत धरून चुळबुळ करायचे, आई ओरडायची. आणि खोकला तर होताच.

बदली कामगार:
माझे वडील नरसिंग गिरजी मिलमध्ये. ओठांवरनं बोलायचं आपल्याकडंही होतंच की. उलट घरी आल्यावर प्रॉब्लेम. वडील 'पाणी दे' म्हणाले तरी शेजारच्यांना वाटायचं भांडण लागलं. सासरच्या मंडळींनी पहिल्या भेटीत बहिणीला विचारलं होतं, तुमचे वडील रागीट आहेत का. रागीट नव्हते वो, तिसरी पाळी करून आले होते.

पूर्वभाग अक्का:
पोस्टमन अण्णा, मागाचा आवाज ऐकायला इंग्लंडला कशाला गेलाव? आमच्या दत्तनगरला या, चहा पण मिळेल. आमच्याकडं चार यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. आत्ता हे टाइप करलालेय तेपण त्याच आवाजात.

लहानपणी शाळेतनं आलं की आधी कांड्या भरायच्या, मग जेवण. चरख्यावर बसायचं, एका हातानं चाक, दुसऱ्या हातानं सूत सरळ धरायचं. सूत जोरात धरलं की बोट कापायचं, सैल सोडलं की कांडी फुगायची आणि धोट्यात अडकायची, मग अव्वाची बोलणी. माझ्या उजव्या तर्जनीवर अजून बारीक रेघ आहे.

आणि चादरीचे पुठ्ठे! त्यांचं कुणी म्युझियम का करत नाही? जॅकार्डला लावायचे भोकाभोकांचे पुठ्ठे, एकाला एक दोरीनं बांधून माळ केलेली, मागाच्या वर लोंबायची. भोक असलं की दोरा उचलणार, नसलं की खाली राहणार. त्यातनं मोर निघायचा, फूल निघायचं. काकांनी पत्र्याच्या शेडवर गळतीला लावले होते जुने पुठ्ठे. अख्खा मोर पावसात गेला.

काय बे:
अक्का, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे पुण्यात. भोक आहे / भोक नाही, हेच की कॉम्प्युटर. बॅबेजनं त्याच्या यंत्रासाठी हीच जॅकार्डच्या पुठ्ठ्यांची आयडिया घेतली होती, कॉलेजात शिकलो. म्हणजे मी पगार घेतो ते काम तुमचे काका पत्र्यावर वाळत घालत होते.

होटगी रोड ते मँचेस्टर:
त्याच म्युझियममध्ये १९४८ च्या 'बेबी' कॉम्प्युटरची प्रतिकृती पण आहे, भिंतभर. मुलगा तिथनं हलेना, मी मागापासनं हलेना. दोघांचं जेवण राहिलं.

शेंगाचटणी:
आले. आमची अहमदाबादची ट्रिप सांगते. कॅलिको म्युझियम, साराभाईंचं, १९४९ पासूनचं. आधी नोंदणी लागते, आत फोटो नाही, पिशवी नाही, मोबाईल नाही. यजमान म्हणाले, कापड बघायला इतके नखरे? आत गेल्यावर गप्प. पटोळ्यासमोर मी सुताचा हिशेब करत बसले, आधी दोरा रंगवायचा आणि मग विणताना नक्षी जुळवायची, उभ्याआडव्या दोन्ही धाग्यांत! फोटो नसल्यामुळं आजही जास्त आठवतंय असं वाटतं.
बाहेर आल्यावर यजमानांनी विचारलं, यात आपली चादर कुठंय? मी म्हटलं, आपली चादर आपल्या बेडवर आहे.

बदली कामगार:
😂 ती पण धुवायला दोन माणसं लागतात. ओली सोलापुरी पिळणं हा व्यायामप्रकार आहे.

शेंगाचटणी:
एकानं नळाला धरायचं, दुसऱ्यानं पीळ द्यायचा. आमच्यात लग्न जमवताना बघायला पाहिजे हे.

कुर्डुवाडी जंक्शन:
सोलापूर म्हणजे फक्त गिरण्या का? बार्शी लाइट रेल्वेचा कुणाला पत्ताच नाही. अडीच फुटी रूळ, कॅलथ्रॉप साहेबानं १८९७ ला सुरू केली, पुढं पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत. आमचे आजोबा वर्कशॉपमध्ये फिटर. वारीला माणसं टपावर बसून जायची. आमच्या परसात त्या रुळाचा दीड हात तुकडा आहे, त्यावर आई नारळ फोडते.

माहेर मंगळवार पेठ:
नारळ फोडायला रूळ म्हणजे चैनच.

सीनाकाठचा:
पोरं असतील तर केगावचं विज्ञान केंद्र. आरशात बुटकं-लांबडं दिसतंय त्यातच माझ्या दोघांचा अर्धा तास गेला. आणि अक्कलकोटला लोक स्वामींचं दर्शन, महाप्रसाद, परत, असं करतात. राजवाड्यातलं शस्त्रागार बघा. तलवारी, बंदुका, किती प्रकार.

माझं आवडतं मात्र भिंती नसलेलं आहे. हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेचा संगम. शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख, शेवटी 'वाछि तो विजेया होईवा'. वाचेल तो विजयी होईल. मी दहावीला तीन वेळा बसलो, वडील मला तिथं घेऊन गेले होते. म्हणाले, हे तरी वाच. चौथ्यांदा पास झालो.

काय बे:
हजार वर्षांची ग्यारंटी हाय म्हणा की.

सीनाकाठचा:
गणितात पस्तीस. विजयच तो.

बदली कामगार:
चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी पोरांना कुणी थांबवतं का हो? धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. ऐन गड्ड्याच्या, सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत. वडील यात्रेला नेताना आधी तिथं चप्पल काढायला लावायचे. मला तेव्हा पाळण्याची घाई.

आमचा गिरणीचा बिल्ला मात्र गेला. पितळी, नंबर कोरलेला. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी तो बरीच वर्षं खिशात ठेवला, मग एकदा मोडीत भांडी देताना आईनं बाकीच्या पितळेत घातला. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी खिसा चाचपताना दिसले फक्त.

शेंगाचटणी:
🙏 आईंना तरी काय माहीत.

बदली कामगार:
नाही, तिची चूक नाही. त्या पैशातनं माझा गणवेश आला.

पूर्वभाग अक्का:
दादा, आमच्याकडं या. बिल्ला नाही पण मामांची हजेरीची वही आहे.
मंगळवार पेठ ताई, तुमच्या धोट्यात कांडी आहे का रिकामाच?

माहेर मंगळवार पेठ:
रिकामा अक्का.

पूर्वभाग अक्का:
मापाची बघून एक भरून ठेवते. पोराला घेऊन या रविवारी, चालू मागावर बसवते. दहा ओळी पूर्ण होतील. फक्त दुपारी नको, लोडशेडिंग असतंय.

माहेर मंगळवार पेठ:
येते. तिथं पंखा आहे का, विचारतोय.