अनुभव धागा : गुळव्याचा मान

कृष्णाकाठ : कराडच्या वाटेला गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा (रस आटवायच्या भट्टीचा) धूर दिसला अन् जुनं सगळं डोळ्यांपुढं आलं. ऊस मालकाचा, काहील (रस उकळायची मोठी कढई) मालकाची, पण ती 'उतरवा' म्हणायचा हक्क फक्त गुळव्याचा, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराचा. एवढा मान कशासाठी? जाणकारांनी लिहा.

तांबडमाती : पाक पारखायचा हात ओ, दुसरं काय! थेंब गार पाण्यात सोडायचा. बोटांत गोळी वळली, आपटल्यावर टणकन वाजली, की काहील खाली. थर्मामीटर ११६-११८ अंश सेल्सिअस दाखवतो. आधी उतरवला तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर करपट लागतो.

वाळव्याची सून : १०५ अंशांच्या आसपास आमची काकवी (गूळ व्हायच्या आधीचा पातळ पाक) तेवढी काढून ठेवा भाऊजी!

तांबडमाती : बरणी घेऊन या वहिनी.

शिराळकर : पाकाचं नंतर, आधी मळी, म्हणजे रसातली घाण. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळायची, तो बुळबुळीत रस काहिलीत. उकळी फुटायच्या आत मळी काढली नाही तर ती रसातच कालवते, मग गूळ स्वच्छ होत नाही. चुना बेतानं. कमी पडला तर गूळ मऊ, जास्त झाला तर काळपट.

चिपाड : जाळ सांभाळणाऱ्या चुलव्याचं नाव कुणीच घेईना. रस काढलेल्या उसाची चिपाडं ओलीच घातली की नुसता धूर, रस आटायला दुप्पट वेळ, रंग गेलाच. शेवटी जाळ मागं ओढायचा, नाहीतर तळ लागतो. पाक उतू येतोय? शेंगतेलाचे चार थेंब.

मार्केटयार्ड : व्यापारी मात्र पिवळाधमक बघून भाव देतो. हायड्रॉस (रंग उजळायची गंधकाची पावडर) टाकून कुणीबी पिवळा करील, पुढं ठेवणीत काळा पडतोच. गंधकाची (सल्फर डायऑक्साइडची) मर्यादा ७० पीपीएम, म्हणजे दहा लाखात ७० भाग हाय, मोजतंय कोण? रंग नको, ढेप फोडून आतली कणी (दाणा) बघा.

कृष्णाकाठ : आज दर काय निघाला?

मार्केटयार्ड : जेवायच्या वेळी नको ते विचारू नका.

शिराळकर : खारवट रानाचा ऊस आला तर गुळव्यानं काय करायचं? गूळ खारटच होणार. तोडून चार दिवस पडलेला ऊसही वाईटच, आतली साखर फुटते, ढेप पावसाळ्यात पाझरते. म्हणून मुरलेला गुळव्या आधी रस चाखतो, मग चुलवाण पेटवू देतो.

वाळव्याची सून : बरणी काचेची चालेल का स्टीलची?

तांबडमाती : काचेची. पण काकवी गार झाल्यावर भरा, तडकेल.