वेंगसरकर आणि एमसीएची निवडणूक

कुणीतरी लिहिलंय की दिलीप वेंगसरकर २०११ ला एमसीएच्या, म्हणजे मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या, अध्यक्षपदाची निवडणूक विलासराव देशमुखांकडून हरले आणि त्यांची प्रशासक म्हणून कारकीर्द तिथेच संपली. हरले हे खरं, एका कसोटीपटूला डावलून क्लबवाल्यांनी राजकारण्याला मतं दिली याचं मला आजही वाईट वाटतं, पण त्यांचं काम खुर्चीवरून कशाला मोजायचं?

२००२ च्या सुमारास भारतीय क्रिकेट बोर्डाने लहान गावांतून पोरं शोधायला टॅलेंट रिसोर्स डेव्हलपमेंट विंग काढली तिचे चेअरमन वेंगसरकरच होते. २००३ ला जमशेदपूरच्या एका मॅचमध्ये या विंगसाठी खेळाडू शोधणाऱ्या प्रकाश पोद्दारांना एक लांब केसांचा कीपर दिसला, त्यांनी रिपोर्ट पाठवला, पण त्या योजनेत वयाची अट १९ ची आणि पोरगा २१ पार केलेला. वेंगसरकरांनी अट बाजूला ठेवली आणि धोनी पुढे आला. कागदावर बोट ठेवून नाही म्हणणं किती सोपं होतं बघा! मग २००८ ला निवड समितीचे अध्यक्ष असताना फलंदाज बद्रीनाथच्या आधी कोहलीला भारतीय संघातून श्रीलंकेला पाठवायचा आग्रह धरला तोही त्यांनीच. आणि त्याही आधी, १९९५ पासून, ओव्हल मैदानावर त्यांची अकॅडमी आहे. राजाबाई टॉवरच्या समोर, लाल मातीत, चर्चगेटहून खांद्याला किटबॅग अडकवून चालत येणारी पोरं, काहींची बॅग तर त्यांच्यापेक्षा उंच. मी ऑफिसला जाताना पाच मिनिटं तिथे थांबायचोच.